वेठ, श्रमदान आणि मानधन

गटाची बैठक चालू असते आणि ग्रामपंचायतीचा निरोप येतो, "उद्या सकाळी श्रमदान आहे, गटातल्या सगळ्या बायकांनी यायचं." काही जणी लगेच खराटा कोणाकडे, पाटी कोणाकडे, याची विचारपूस सुरू करतात. काही जणी म्हणतात, "परवाच तर झालं." आणि एखादी म्हातारी आजी हा शब्द ऐकून तोंड फिरवते. तिला आळस आलेला नसतो. तिच्या घरात फुकटच्या कामाची आठवण वेगळी आहे.

सरकारने लोकांना आपखुशीने काम करायला कसं बोलवावं आणि त्यासाठी पदरचं काय द्यावं, हा प्रश्न आज नव्याने विचारला जातो. पण आपल्या महाराष्ट्रात तो गेली शंभर वर्षं चालू आहे. म्हणून आज त्या आजीच्या आठवणीपासूनच सुरुवात करू.

जुन्या गावगाड्यात महार समाजाकडे वतन होतं. वतन म्हटलं की मान वाटतो. या वतनात मान कमी आणि धावपळ जास्त होती. सरकारी वसुलाचा पैसा तालुक्याला पोहोचवायचा, साहेब आला की त्याचं सामान वाहायचं, शेताची हद्द दाखवायची, कोणी मेलं तर गावोगाव सांगावा न्यायचा, चावडीवर हजर राहायचं. बदल्यात थोडी इनाम जमीन आणि सुगीला खळ्यावर मिळेल ते बलुतं. कामाला मोजमाप नव्हतं आणि वेळकाळही नव्हता. घरातला एक माणूस नसेल तर दुसऱ्याने जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. काम गावाचंच होतं, सरकारचंच होतं, पण करणाऱ्याला नकार देता येत नव्हता. त्याला वेठ म्हणायचे.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महारवतन रद्द केलं. ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात मात्र ते चालूच राहिलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारत'मधून या वतनावर लिहिलं आणि १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. कामाचे तास ठरवा, पगार द्या, ज्याला वतन सोडायचं त्याला सोडू द्या, असा त्याचा रोख होता. सरकारचा विरोध झाला, कारण इतकं स्वस्त मनुष्यबळ सोडायला कोण तयार होतं? १९२९ मध्ये ते विधेयक मागे घ्यावं लागलं. ही वतनं कायद्याने संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही दहा वर्षं गेली. आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असलेल्या आजीने हे पोथीत वाचलेलं नाही, बापाला चावडीवर जाताना पाहिलेलं आहे.

आपल्या राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं. त्याच कलमात पुढे असंही आहे की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, पण ती लावताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे गावाच्या कामाला बोलवायचं तर पाटलाच्या वाड्यालाही बोलवा आणि वस्तीलाही बोलवा. हे कलम तर सक्तीच्या कामासाठी आहे. मग आपखुशीच्या कामाला याहून कमी न्याय कसा चालेल?

आता कोणी म्हणेल, जुन्या काळी सगळं फुकटचं काम वेठीचंच होतं का? तसं नाही. धुळे आणि नाशिक भागात पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर फड पद्धत होती. नदीला छोटा बंधारा घालायचा, तिथून पाट काढायचा आणि त्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढायला पाणी घेणारे सगळे शेतकरी एकत्र येत. ज्याच्या शेताला पाणी, त्याचे हात गाळात. ही पद्धत काहीशे वर्षं टिकली ती याच सरळ हिशेबामुळे. राबणारा आणि लाभणारा एकच होता. यात भूमिहीन माणूस मात्र कुठेच नव्हता, हेही सांगायला हवं.

स्वातंत्र्यानंतर आपल्या नव्या सरकारने लोकांना हाक दिली. २ ऑक्टोबर १९५२ या दिवशी, गांधी जयंतीला, देशात ५५ ठिकाणी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. आज आपण ज्याला 'ब्लॉक' म्हणतो, बीडीओ म्हणतो, ग्रामसेवक म्हणतो, ते सगळं त्या काळातलं. गावाचा विकास गावाने करायचा, सरकारने फक्त साहाय्य करायचं, ही मूळ कल्पना. रस्ता करायचा तर गावाने श्रमदान करायचं, सरकारने सामान आणि सल्ला द्यायचा. त्याच वर्षी नियोजन आयोगाच्या पुढाकाराने भारत सेवक समाज ही संस्थाही निघाली. लोकांची रिकामी वेळ आणि ताकद देशाच्या कामाला लावायची, हा तिचा हेतू.

हेतू चांगलाच होता. पण पुढे काय झालं ते एका माणसाने जवळून पाहिलं. श्यामाचरण दुबे नावाचे समाजशास्त्रज्ञ उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत राहून या कार्यक्रमाचा अभ्यास करत होते. त्यांचं पुस्तक १९५८ मध्ये आलं. त्यांनी जे नोंदवलं ते वाचताना मला आपलंच गाव दिसायला लागलं. श्रमदानाच्या दिवशी मोठ्या घरातली माणसं देखरेखीला उभी राहायची, साहेबांशी बोलायची, फोटोत यायची. टोपली उचलायची गरिबांनी. त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडायची. आणि तयार झालेल्या रस्त्यावरून बैलगाडी कोणाची जायची? ज्याच्याकडे बैलगाडी आहे त्याची. गरिबांना वाटलं की जमीनदाराच्या वेळची बेगारी नवं नाव घेऊन परत आली. त्यांचं काय चुकलं?

दुसरी गंमत कागदावरची. श्रमदानाची किंमत रुपयांत मांडली जायची आणि ती आकडेवारी वर जायची. ज्या ब्लॉकचा आकडा मोठा त्याचं कौतुक. मग अधिकाऱ्यांचं लक्ष खड्डा किती खोल झाला यापेक्षा आकडा किती झाला याकडे जाणारच. भारत सेवक समाजाच्या हिशेबांबद्दल तर पुढे इतक्या तक्रारी झाल्या की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

सरकारनेही हे पाहिलं. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समिती नेमली गेली. तिने सांगितलं की या कार्यक्रमातून गावातला पुढाकार जागा झालेला नाही, तो जागा करायचा तर लोकांच्या निवडलेल्या संस्थांच्या हाती अधिकार आणि पैसा द्या. त्यातूनच पंचायत राज आलं. आपल्याकडे १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. समितीचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. लोक कामाला येत नाहीत म्हणून त्यांना आळशी म्हणू नका, आधी ठरवायचा हक्क त्यांना दिला आहे का ते पाहा. मात्र त्या जिल्हा परिषदेत बाई दिसायला आणखी किती वर्षं लागली, तो वेगळा विषय आहे. त्यावर एक पूर्ण भाग करावा लागेल.

मग आला १९७२ चा दुष्काळ. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, सुकडी म्हटली की त्यांना सगळं आठवेल. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायला, तलाव खणायला, नालाबांध घालायला. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. कितीतरी जणी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने हजेरी लावत होत्या आणि स्वतःच्या हातात पगार घेत होत्या.

या कामांमागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना होती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ मध्येच तिचा छोटा प्रयोग झाला होता. मागेल त्याला काम आणि कामाला दाम. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणला? १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. खेड्यातल्या बाईच्या मजुरीसाठी मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून पैसे कापले गेले, आणि मोठी ओरड न होता कापले गेले. समाजासाठी आपण काहीतरी द्यावं ही भावना फक्त खेड्याकडून अपेक्षिली गेली नाही. कामाच्या जागी प्यायचं पाणी, लहान मुलांना सांभाळायची सोय, इजा झाली तर भरपाई, हेही त्यात लिहिलेलं होतं. ते प्रत्येक ठिकाणी मिळालं असं कोणी म्हणणार नाही. पण कागदावर होतं म्हणून भांडता आलं.

आता तुम्ही विचाराल, ही तर रोजगाराची गोष्ट झाली, स्वेच्छेच्या कामाशी हिचा काय संबंध? संबंध असा की पोटाचं काम आणि आपखुशीचं काम यांच्यात सरकारने पहिल्यांदा स्वच्छ रेघ ओढली. जे काम सरकारचं आहे, जे केल्याशिवाय चूल पेटत नाही, त्याला मजुरी. श्रमदान त्यावरचं, मनाचं.

ही रेघ असली की श्रमदानाला किती बळ येतं ते त्याच दुष्काळातून निघालेल्या एका कामात दिसतं. पुण्यात कारखाना चालवणारे विलासराव साळुंखे हे इंजिनियर दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले. नायगावला देवस्थानाची सुमारे ४० एकर पडीक जमीन त्यांनी कसायला घेतली. तिथे पाणी अडवून दाखवलं. ग्राम गौरव प्रतिष्ठान काढलं. आणि मग आजूबाजूच्या गावांत पाणी पंचायत सुरू झाली.

पाणी पंचायतीचे नियम आपल्या गटांनी पाठ करावेत असे आहेत. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर. घरात जितकी माणसं, तितक्या अर्ध्या एकराचं पाणी, आणि जास्तीत जास्त अडीच एकरांचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क त्याबरोबर विकता येणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. फडात जो भूमिहीन कुठेच नव्हता, तो इथे बरोबरीने बसला. योजनेचा खर्च कसा उचलला? निम्मा सरकारी अनुदानातून, वीस टक्के लोकांनी स्वतः, उरलेले तीस टक्के प्रतिष्ठानने बिनव्याजी कर्ज म्हणून. लोकांचा वाटा आधी यायचा. ज्यांनी पदरचे पैसे घातले, नियम स्वतः मान्य केले, ते पंपावर आणि पाइपलाइनवर आपलं समजून राबले.

सरकारने इथे काय केलं ते बघा. निम्मा खर्च उचलला आणि वाटपाचे नियम लोकांना ठरवू दिले. भाषण दिलं नाही, उद्दिष्टाचा आकडा दिला नाही. माझ्या मते सरकारी मदतीचा याहून चांगला नमुना आपल्याकडे कमी आहे. खंत एवढीच की हे नियम पुढे साऱ्या राज्याचे झाले नाहीत. माणसावर पाणी वाटायचं म्हटलं की ज्यांच्याकडे जमीन जास्त, त्यांच्या पोटात गोळा येतो.

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही नावं तुम्हाला माहीत आहेत, म्हणून त्यावर थोडंच बोलते. १९९२ मध्ये सरकारने आदर्श गाव योजना आणली. गावाने श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नसबंदी आधी ग्रामसभेत मान्य करायची, मग सरकारने पाणलोटाच्या कामाला पैसा द्यायचा. हिवरे बाजारने हे मनावर घेतलं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, आणि गाव बदललं. हे खरंच मोठं काम आहे. पण त्या पाच गोष्टी बाईच्या बाजूने वाचून बघा. नशाबंदी आपल्याला हवीच होती. नसबंदीचा भार घरात कोणावर पडतो ते सांगायला नको. आणि चराईबंदी झाली की पहिली शेळी विकावी लागते ती भूमिहीन बाईची, जिच्या दावणीला तेवढीच जिवंत बँक असते. तिला बदल्यात काय मिळणार, हे त्याच ग्रामसभेत ठरायला हवं.

२००० साली आणखी एक मोहीम आली. ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील होते, तेही तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. मोहिमेला नाव दिलं संत गाडगेबाबांचं. हे नाव निवडणं हीच निम्मी लढाई जिंकणं होतं. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेऊन रस्ता झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आधी स्वतः झाडणारा माणूस दुसऱ्याला सांगतो तेव्हा कोणी नाही कसं म्हणेल?

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात सरकारने गावांना अनुदान वाटलं नाही. स्पर्धा लावली. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी बक्षिसं ठेवली, तपासणीची तारीख दिली आणि बाजूला झालं. गावांनी गटारं बांधली, शोषखड्डे घेतले, भिंती रंगवल्या, शाळा नटवल्या. बक्षिसाच्या रकमेपेक्षा गावांनी घातलेली मेहनत कितीतरी मोठी होती. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी पैसे पाठवले. पुढे केंद्र सरकारनेही २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला.

या अभियानात बचत गटांच्या बायका पुढे आल्या, माईकवर बोलल्या, कमिटीला सामोऱ्या गेल्या. हे मोठंच. पण अनेक गावांत कमिटी गेली आणि वर्षभरात उकिरडे परत रस्त्यावर आले. संडासात सरपण भरलं गेलं. स्पर्धा माणसाला एकदा पळवते, रोज चालवत नाही. रोज चालायला पाण्याची टाकी लागते, नळाला पाणी लागतं, गटार साफ करणाऱ्याला नीट पगार लागतो. आणि खराटा हाती घेतलेल्या फोटोत सरपंच असले तरी फोटो संपल्यावर तो खराटा कोणाच्या हाती राहिला?

आता शेवटी आपल्या घरातल्याच एका शब्दाकडे येते, स्वयंसेविका. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सेविका आली. २००५ च्या आरोग्य अभियानात आशा आली. महाराष्ट्रात तिचं पूर्ण नावच आशा स्वयंसेविका. बाळंतपणाला दवाखान्यात नेणं, लसीकरणाला बायका गोळा करणं, कोरोनात दारोदार जाऊन तपासणी करणं, सगळं तिने केलं. मिळतं त्याला पगार नाही, मानधन आणि मोबदला म्हणतात. कारण कागदावर ती नोकर नाही, आपखुशीने सेवा करणारी आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. त्याच्या आधी २०२१ च्या जूनमध्ये आणि नंतर २०२३ मध्ये आपल्या राज्यातल्या आशांना संपावर जावं लागलं. २०२२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. म्हणजे न्यायालयाने कागदावरचा शब्द बाजूला ठेवून काम पाहिलं.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे. जे काम रोजचं आहे, ज्याची नोंदवही आहे, ज्याला वरून उद्दिष्ट येतं आणि चुकलं तर नोटीस येते, त्याला स्वेच्छेचं काम म्हणू नये. सरकारने त्याला पगार द्यावा. आणि जे खरोखर मनाचं आहे, त्याला पगार नको, पण पाटी-फावडं हवं, बंधारा कुठे घालायचा ते सांगणारा इंजिनियर हवा, इजा झाली तर औषधपाणी हवं, मुलं सांभाळायला कोणीतरी हवं. २०१६ मध्ये वॉटर कप स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत झाली, कोरेगावचं वेळू गाव पहिलं आलं. ती स्पर्धा सरकारची नव्हती, पण तिथे आधी गावकऱ्यांना प्रशिक्षण दिलं आणि मग कुदळ हातात दिली. हा क्रम सरकारनेही धरावा.

आपल्या हातात काय आहे? आपल्या ग्रामपंचायत कायद्यात तरतूद आहे की ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची. बऱ्याच गावांत ती वहीतल्या सह्यांवर उरकते. पुढच्या वेळी श्रमदानाचा निरोप आला की तो विषय आधी त्या सभेत मागून घ्या. काम कोणतं, पाणी किंवा रस्ता कोणाच्या शेतापर्यंत जाणार, मजुरीवर जाणाऱ्या बाईसाठी दिवस कोणता सोयीचा, पाटलाच्या घरातलं कोण येणार, हे विचारा आणि ग्रामसेवकाला इतिवृत्तात लिहायला लावा. रोजगार हमीत बसणारं काम असेल तर कामाची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. ती पोच फाइलमध्ये जपून ठेवा, पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात.